पांढरी दोन वाजवली, ॲप म्हणतं काळी एक (क्वार्टेट अपडेट ४)

तर मंडळी, शेवटी रविवारी रेकॉर्डिंग झालं. बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग'मधला पहिला कॉन्ट्रापंक्टस (एकच धून चौघं एकामागोमाग उचलतात असा तुकडा), चार रेकॉर्डर (फुंकून वाजवायच्या उभ्या बासऱ्या हो, टेपरेकॉर्डर नव्हे), जागा नेदरलँड्सच्या उट्रेख्टमधला एक थंडगार हॉल. ह्याच गावात फान आयक नावाचे आंधळे घंटावादक होते, 1649 मध्ये त्यांचा पगार वाढवला तो संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरणाऱ्यांना अधूनमधून बासरी ऐकवायच्या अटीवर. आम्हाला उलटं हॉलचं भाडं भरावं लागतं.

घरी येऊन फाइल पट्टी, लय आणि मूड ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकली तर उत्तर आलं: सी शार्प मायनर, टेम्पो 120, मूड सॅड. तिन्ही गंडलेलं!

पट्टीचं आधी सांगतो. आमची वाद्यं बरोक पिचची (बाखच्या काळातल्या संगीतासाठी वापरतात ती पट्टी), म्हणजे ए हा सूर आजच्या 440 हर्ट्झऐवजी 415 वर, बरोबर अर्धा सूर खाली. आम्ही डी मायनरच वाजवतोय, पण ॲपला फक्त 440 कळतं, म्हणून आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोनची काळी एक झाली. त्यात पहिल्या टेकला हॉलमध्ये 16 डिग्री होतं, मी टेनर रेकॉर्डरवर, माझी एंट्री सगळ्यात शेवटी 13व्या बारला (बार म्हणजे साधारण आपलं आवर्तन), तोवर वाद्य गार पडून मी चक्क उतरलेला ऐकू येतोय. दुसऱ्या टेकपासून हेडजॉइंट (वाद्याचा वरचा, फुंकायचा भाग) काखेत धरून उभा राहिलो, दिसायला भयंकर पण सूर लागला.

लय: ॲपने क्वार्टर नोट मोजले, आम्ही त्याच्या दुप्पट लांबीचा हाफ नोट मिनिटाला 60 धरून वाजवतो, बारमध्ये दोन. 78 बार म्हणजे साधारण 2:36. आधी 52 वर करत होतो, तीन मिनिटं, आणि खरं सांगतो, श्रद्धांजली सभेसारखं वाटायचं. 70 वर गेलो तर बासवाल्याची बोटं पुरेनात.

आता मूड. रेकॉर्डरवर जोरात फुंकलं की सूर चढतो आणि हळू फुंकलं की उतरतो, त्यामुळे लहानमोठा आवाज करून भाव दाखवायची सोयच नाही, जे काय करायचं ते जिभेने, कुठला सूर तोडायचा आणि कुठला पुढच्याला चिकटवायचा एवढंच हातात. टेक 3 मध्ये विषयाचे (म्हणजे त्या मूळ धुनेचे) पहिले चार सूर सुटेसुटे घेतले, बाकी काहीच बदललं नाही, तरी तोच तुकडा एकदम ताठ कण्याने चालायला लागला. बाखच्याच काळातल्या मॅथेसन ह्या जर्मन संगीतकार-लेखकाने 1713 मध्ये डी मायनरला शांत, भक्तीचा म्हटलं होतं आणि मला ते पटतं, मायनर दिसलं की सॅड हा ॲपवाल्यांचा आळस आहे.

शेवटाजवळ सगळे अचानक थांबतात, पूर्ण शांतता, परत दोन स्वर, परत शांतता. टेक 3 मध्ये नेमकी तिथेच बासवाल्याची खुर्ची कर्रर्र वाजली. टेक 4 मध्ये शांतता झकास पण सोप्रानोत पाणी साचून घरघर. टेक 5 ठेवलाय, त्यात शेवटचा मेजर कॉर्ड, म्हणजे कोमल गंधार सोडून शुद्ध गंधार, असा लागलाय की चौघांपैकी कोणीच लगेच वाद्य खाली ठेवलं नाही, त्यामुळे फाइलच्या शेवटी सात सेकंद नुसता हीटरचा आवाज आहे. तो काही मी कापणार नाहीये.