आमची वाटचाल: विक्रीकडून दुरुस्तीकडे

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘शस्त्र विक्री व दुरुस्ती’ असं लिहिलंय. आजोबांच्या वेळी विक्री हा धंदा होता आणि दुरुस्ती ही गिऱ्हाइकाची सोय. आज गल्ल्यात पैसा येतो तो दुरुस्तीतून. विक्रीचं म्हणाल तर काडतुसं, साफसफाईचं सामान आणि अधूनमधून एखादी बारा बोअरची बंदूक. साताऱ्यात तीन पिढ्या हे दुकान चाललंय, ते असं उलटं कसं झालं हे गिऱ्हाईक नेहमी विचारतात, म्हणून लिहायला घेतलं.

आजोबा मुळात लोहारकामातले. संस्थानिकांच्या आणि इनामदारांच्या बंदुका सांभाळणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली ते शिकले. वाड्याच्या पुढच्या सोप्यात भट्टी, शेगडा आणि व्हाइस, मागे घर. त्या वेळी 1878 चा इंग्रजी शस्त्र कायदा होता. 1959 चा कायदा 1962 पासून लागू झाला आणि परवाने नव्याने घ्यावे लागले. परवाना नुसता माणसाच्या नावावर नसतो, जागेच्या पत्त्यावरही असतो. म्हणून सोपा आजही तिथेच आहे. मागचं घर दोनदा पाडून बांधलं, पण पुढच्या भिंतीला हात लावायला माझ्या वडिलांनी, आबांनी, दिला नाही. स्लॅबचं दुकान कधी बांधणार, असं लोक विचारतात. बांधू, पण त्या कागदपत्रांच्या फेऱ्यांची आठवण झाली की राहू दे म्हणतो.

पहिला फटका 1972 चा. वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार जवळपास बंद झाली. बरंच झालं, असं आबा पुढे म्हणायचे, पण त्या सालात दुकानात माशा मारत बसायची वेळ आली होती. मग ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची आयात थांबली. उरले ते शेतकरी, ज्यांच्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची किंवा एकनळी बंदूक होती, आणि फौजेतून पेन्शनीत आलेले जवान. साताऱ्यात त्यांना तोटा नाही. परवान्याची डबल बार, म्हणजे दोननळी बंदूक, घेऊन बँकेच्या दारात नाहीतर कॅश व्हॅनवर उभं राहायचं, हे इथल्या कित्येक माजी सैनिकांच्या घरचं दुसरं उत्पन्न. या लोकांनी आम्हाला तारलं. ड्युटीच्या माणसाची बंदूक बंद पडली की त्याचा पगार बंद, त्यामुळे तो महिनाभर थांबू शकत नाही. घाईतही काम कच्चं करायचं नाही, हे आबा त्यांच्याच बंदुकांवर शिकले आणि मीही.

निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं जमा होतात. पावती घेऊन ठेवलेली बंदूक आचारसंहिता संपल्यावर परत येते ती बऱ्याचदा गंजून. पोत्यात गुंडाळलेली, बाजूला भिंतीची ओल, तेलाचा थेंब नाही. कोणाला दोष देऊन उपयोग नाही. आमच्या दुकानाचा एक हंगाम त्यावर चालतो.

खरं वळण 2019 चं. कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. जास्तीचं जमा करायला वर्षाची मुदत होती. जावळी, पाटण, कोरेगाव, फलटण, कुठकुठून माणसं आली. कपाटावरून, माळ्यावरून काढलेल्या बंदुका कापडात गुंडाळून आणायचे आणि विचारायचे, “यातली ठेवायची कुठली आणि सोडायची कुठली?” तेव्हा ध्यानात आलं की माणसं किमतीवरून ठरवत नाहीत. बाजारात जिला चार पैसे जास्त येतील ती सोडतात आणि आजोबांच्या हातची ठेवतात. आणि जी ठेवतात, ती नीट करून मागतात. तिथून आमचं जुन्या बंदुका पूर्वपदाला आणायचं काम सुरू झालं.

त्यातली एक सांगतो, कारण अशी कामं आमच्याकडे पुष्कळ येतात. कराडकडचं एक लष्करी घराणं, नातू ऊस आणि पोल्ट्री करतो. बंदूक ग्रीनर कंपनीची ‘जीपी’, एकनळी बारा बोअर. ग्रीनर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे. लांबून बघाल तर फौजी रायफल वाटते, कारण हिची चाल मार्टिनी-हेन्रीची, म्हणजे 1871 मध्ये ब्रिटिश फौजेने स्वीकारलेल्या रायफलची. चापाखालची लिव्हर खाली ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो, काडतूस सारायचं, लिव्हर वर. मोजकेच भाग, पण भक्कम.

नातवाला ती नीट करायची होतीच, वर बदलूनही हवी होती. नळी आखूड, दस्ता काळ्या प्लास्टिकचा. “मालक, यूट्यूबवर एक गोरा घरच्या गॅरेजमध्ये करतोय की!” म्हटलं, “तो गोरा अमेरिकेत आहे, आपण साताऱ्यात.”

त्याने दाखवलेला व्हिडिओ आपल्याच बंगालमधल्या ईशापूरच्या मस्कटीचा निघाला. पोलिसातले जुने लोक तिला ‘फोर-टेन मस्कट’ म्हणतात. ईशापूरच्या रायफल कारखान्यात लष्कराच्या .303 एनफिल्ड रायफली घेऊन त्या .410 च्या गुळगुळीत नळीच्या केल्या, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक पोलिसांच्या आणि पहारेकऱ्यांच्या हातात दिली. काडतूसही वेगळं, .303 चंच पितळी टरफल, फक्त तोंडाशी न आवळलेलं. त्यामुळे बाजारातलं नेहमीचं .410 काडतूस तिच्यात बसत नाही. यातल्या बऱ्याच मस्कटी पुढे सरप्लस म्हणून अमेरिकेत विकल्या गेल्या आणि तिथले हौशी लोक चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, वाढवून त्या नेहमीच्या काडतुसाला चालत्या करतात. तिथला कायदा त्यांना ती मुभा देतो.

ग्रीनरने इजिप्तच्या गावपोलिसांसाठी याच मार्टिनी चालीची 14 बोअर बंदूक केली होती, तिची गोष्ट याहून मजेशीर. चोरीला गेली तरी चोराला दारूगोळा मिळू नये म्हणून माप मुद्दाम आडनिडं ठेवलं. तर लोकांनी 16 बोअरचं काडतूस (बोअरचा आकडा मोठा तितकं ते बारीक) कागदात गुंडाळून उडवायला सुरुवात केली! मग पुढच्या मॉडेलमध्ये काडतूस पायरीचं केलं आणि काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन तीन टोकांची, म्हणजे बुडाला तसा खाचा असलेलंच काडतूस चालेल. माणसाचं डोकं कंपनीच्या पुढे धावतं ते असं. नातवाला हे सगळं सांगितलं, चहा झाला आणि मग नाही म्हटलं.

आपल्याकडे नळी आखूड करणं किंवा एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणं हा कलम 6 चा मामला आहे. परवान्याशिवाय केलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं सजा, वर जन्मठेपेपर्यंत. घरी कानस घेऊन बसणाऱ्याला हे माहीत नसतं. आमच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे, तो जसं होतं तसं करून देण्याचा. बंदूक दुकानात शिरली की नंबर, माप, नळीची लांबी रजिस्टरला चढते. रजिस्टर बायको सांभाळते आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे. परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळला नाही, एखादा आकडा जरी पुसट असला, तरी ती बंदूक टेबलावर येऊ देत नाही. या नकारापायी गिऱ्हाईक गेलेत. जाऊ देत.

काम सुरू होतं ते बघण्यापासून. डबल बार असेल तर नळ्या सुट्या करून बोटाला टांगायच्या आणि नखाने टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाग, म्हणजे झाळण, धड आहे, बद्द आवाज आला तर सुटलाय. मग बोअर गेजने नळीचं आतलं माप, नळीच्या भिंतीची जाडी, मग चेंबरची लांबी. ही सगळ्यात महत्त्वाची. जुन्या विलायती बंदुकांची चेंबरं बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिमीची. आजचं काडतूस सर्रास 70 मिमीचं, पण ही लांबी उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची. न उडालेलं काडतूस आखूड असतं, त्यामुळे ते 65 च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं. उडताना घडी उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. “बसलं म्हणजे चालतं” हे वाक्य आम्ही दुकानात रोज खोडतो. कराडच्या जीपीचं चेंबरही अडीच इंचीच निघालं, नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसच्या, म्हणजे नळ्या तपासून पास करणाऱ्या संस्थेच्या, मुकुटाच्या शिक्क्यांजवळ तसं कोरलेलंही होतं. तशी चिठ्ठी आम्ही बंदुकीला बांधूनच देतो. दमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नक्षीदार नळी असेल, तर सरळ सांगतो की भिंतीवर लावा, उडवू नका.

जीपीचा दस्ता अक्रोडाचा, मानेशी चिरलेला आणि तेल पिऊन काळा पडलेला. बंदूक वर्षानुवर्षं नळी वर करून उभी ठेवली की तेल उतरून लाकडात मुरतं आणि लाकूड कुजतं. नळी खाली करून ठेवा म्हणून घसा कोरडा करतो, ऐकतं कोण. खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप दिला की वाळताना तो आतलं तेल ओढून घेतो. पांढरा लेप पिवळट-तपकिरी होतो, झाडून टाकायचा, पुन्हा लावायचा. लाकूड कोरडं झाल्याशिवाय चिरेत अॅराल्डाइट धरत नाही. आतून पितळी खिळी घालतो, बाहेरून दिसत नाही. खड्डे पडलेत तिथे ओलं फडकं ठेवून इस्त्री, वाफेने लाकूड फुगून वर येतं. दस्ता लोखंडाला नीट बसतोय का हे बघायला रॉकेलच्या चिमणीची काजळी धातूला धरायची आणि बसवून काढायचा, काळं लागलं तेवढंच खरवडायचं. हे आजोबांचं. बाजारात त्यासाठी निळी पेस्ट मिळते, पण काजळीचा थर पातळ, तिच्याइतकं बारीक काही दाखवत नाही. शेवटी जवसाचं तेल, तळहाताने चोळून, एकावर एक हात. हे कोरड्या हवेत वाळतं, पावसाळ्यात चिकट राहतं.

नळीचं उलट. कारखान्यात गरम क्षाराच्या पाण्यात बुडवून काळा रंग देतात, झटपट होतं, पण डबल बारच्या पट्टीचा डाग त्यात खाल्ला जातो. म्हणून आम्ही संथ पद्धत वापरतो. नळी घासून, तेलाचा अंश न ठेवता द्रावण पुसायचं, दमट जागी गंज येऊ द्यायचा, उकळत्या पाण्यात घालायची, तांबूस गंज काळा होतो, पोलादी लोकर फिरवायची, पुन्हा तेच. गंज सारखा यायला हवेत ओल लागते. मुंबईचे लोक त्यासाठी ओलाव्याची पेटी करतात. आम्हाला आषाढ-श्रावणात अजिंक्यताऱ्यावरून उतरणारं धुकं पुरतं.

त्यामुळे आमचं वर्ष असं ठरलंय. लोखंड पावसाळ्यात, लाकूड पाऊस हटल्यावर. अडचण एकच, खंडेनवमी. शस्त्रपूजेला बंदूक पाटावर हवी असं प्रत्येकाला वाटतं आणि नेमकी तेव्हा नळी तयार असते, पण दस्ता ओला. कराडकरांनाही त्या वर्षी तेलाचे शेवटचे हात राहिलेला दस्ता घेऊन जावं लागलं. दिवाळीनंतर त्यांनी बंदूक परत आणून दिली. तेव्हा पूजेसाठी करून हवी असेल तर मूळ परवाना घेऊन चैत्र-वैशाखातच या, म्हणजे लाकूड उन्हाळ्यात उरकेल. नवरात्र बसल्यावर येणाऱ्याला आम्ही साफसफाई आणि तेलपाणी करून देतो, तेवढंच.