तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं पुस्तक दुर्गाबाईंचंच का?

मी वाचनालयाच्या टेबलाशी बसते, त्यामुळे हा प्रश्न मला ठरलेलाच. कुणी नट्यांची आत्मचरित्रं मागितली की मी आधी ‘मी, दुर्गा खोटे’ काढून देते. समोरची बाई मागचं-पुढचं पान चाळते आणि म्हणते, “अहो, या तर बड्या घरच्या. सॉलिसिटरची मुलगी, इंग्रजी शाळा. यांनी काय सोसलं असणार? त्यापेक्षा हंसा वाडकरांचं द्या ना.”

हंसाबाईंचं ‘सांगत्ये ऐका’ मी देतेच. पण नंतर.

दुर्गाबाई 1905 सालच्या. माहेर लाडांचं. मूळचं गोव्याचं गौड सारस्वत कुटुंब, घरात बोली कोकणी, बिऱ्हाड गिरगावात कांदेवाडीला, माणसांनी गजबजलेलं. वडील पांडुरंग लाड सॉलिसिटर. मुलीला त्यांनी कॅथीड्रल शाळेत घातलं, पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात. त्या काळात मुलीला एवढं शिकू देणारी घरं आपल्याकडे फार थोडी होती. लग्न मात्र रीतीप्रमाणे लवकरच झालं, ती कॉलेजात असतानाच. सासरही तोलामोलाचं, खोट्यांचं.

मला हे पुस्तक इथेच धरून ठेवतं. घर खरोखरच पुढारलेलं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या घराने मुलीला जे जे दिलं, ते सुखवस्तू संसारात शोभावं म्हणून. इंग्रजी आलं, चारचौघांत वावरणं आलं. उद्या स्वतःच्या पायावर उभं राहायची वेळ आली तर काय, हा विचार कुणाच्या मनाला शिवलाच नव्हता. आणि ती वेळ आली. सासरची आर्थिक घडी विसकटली. बकुल आणि हरीन ही दोन लहान मुलं पदरात होती आणि दुर्गाबाईंनी अजून तिशीही गाठली नव्हती. श्रीमंती गेली की माणूस गरिबांसारखं जगायला शिकतं, असं आपण समजतो. तसं होत नाही. हाताला कामाची सवय नसते, आणि कुणाकडे काम मागायचं तर आधी घराण्याचं नाव आड येतं.

1931 साली मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी एक छोटं काम केलं. जाहिरातीत त्यांच्या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच. सॉलिसिटर लाडांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर येते आहे, हाच तिकिटासाठी गळ. चित्रपट सुमार निघाला आणि दोन्ही घरांची नावं भिंतीभिंतीवर लागली. गिरगावातल्या ओळखीपाळखीच्या माणसांनी काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना आजही येते. त्या वयात, त्या अवस्थेत एखादी पुन्हा कॅमेऱ्यासमोर गेलीच नसती.

दुर्गाबाई गेल्या. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी, आपल्या शांतारामबापूंनी, ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या पहिल्या बोलपटासाठी त्यांना बोलावलं आणि 1932 साली कोल्हापुरात तयार झालेल्या ‘अयोध्येचा राजा’त त्या हरिश्चंद्राची राणी तारामती झाल्या. हीच तारामती 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’त साळुंके नावाच्या एका पुरुषाने लुगडं नेसून केली होती, कारण ते काम करायला बाई मिळेना. मध्ये एकोणीस वर्षं गेली. आता तीच तारामती एक शिकलेली, दोन मुलांची आई करत होती. पार्श्वगायनाची सोय नव्हती, सेटवर संवाद बोलायचे आणि गाणंही स्वतःच गायचं. पुढे ‘माया मच्छिंद्र’ची राणी किलोतला आली. मग 1936 मध्ये ‘अमरज्योती’ची सौदामिनी: कायदा जिला तिचं मूल देत नाही आणि म्हणून जी समुद्रावर चाचेगिरी पत्करते. ती भूमिका बघताना मला या बाईची सगळी मागची वर्षं आठवतात.

त्यांच्या शिक्षणाचा खरा उपयोग कुठे झाला असेल, तर तो व्यवहारात, असं मला वाटतं. तेव्हा नटनट्या एकाच कंपनीच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाई ‘प्रभात’मध्ये होत्या तशा कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’मध्येही होत्या. 1937 मध्ये त्यांनी स्वतः ‘साथी’ काढला. पुढे जाहिरातपट काढले, आणि उतारवयात दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ त्यांच्याच संस्थेची. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई सगळ्यांना माहीत असते. या बाईला हिशेबाची वही वाचता येत होती, हे मात्र कुणी सांगत नाही.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगते. दुर्गाबाईंमुळे चांगल्या घरच्या मुलींना सिनेमाचं दार उघडलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग 1913 सालीच, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात उतरलेल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहानगी मुलगी कमला, त्या कुठे गेल्या? घर चालावं म्हणून कोवळ्या वयात कामाला जुंपलेली हंसा वाडकर कुठे गेली? दुर्गाबाई खोट्यांनी पोटासाठी काम केलं त्याला लोकांनी धाडस म्हटलं. हंसाबाईंनी तेच केलं तेव्हा तो धंदा ठरला. यात दोघींचा काही दोष नाही. पण दुर्गाबाईंचं वाचल्याशिवाय हा भेद पुरता कळत नाही, कारण आपल्याला काय मिळालं होतं हे त्या लपवत नाहीत.

म्हणून आधी हे न्या. शांता गोखल्यांनी केलेला इंग्रजी अनुवादही आहे, मुलांना मराठी जड जात असेल तर तो द्या. आणि परत करायला याल तेव्हा ‘सांगत्ये ऐका’ मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं असेल.