मनिलाच्या वाटेवरचं खोकं

दुबईत करामा, सत्वा या भागांत फिलिपिनो मंडळी बऱ्याचदा एकेका खोलीत चार-सहा जण मिळून राहतात. अशा खोलीत कुणा ना कुणाच्या पलंगाशेजारी पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं उघडं ठेवलेलं असतं. पगार झाला की त्यात साबणाच्या वड्या पडतात, सेल लागला की टॉवेल, पुढच्या महिन्यात भाचीचे बूट. भरायला चार-सहा महिने सहज जातात. हा बालिकबायान बॉक्स. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे गाव किंवा देश. परदेशी गेलेल्यांनी सुट्टीला घरी यावं म्हणून फिलिपिन्स सरकारने 1973 मध्ये याच नावाची योजना काढली आणि शब्द रुळला. गणपतीला निघालेल्या चाकरमान्याच्या पिशव्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे खोकं वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे बऱ्याचदा खोकं घरी जातं आणि माणूस मागे राहतो.

फिलिपिनो माणसाला अभिमान कशाचा, असं विचारलं तर राष्ट्रीय वीर मानला जाणारा लेखक होसे रिझालचं नाव येतं, वेटलिफ्टर हिडिलिन डियाझचं येतं, पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवणाऱ्या जिम्नॅस्ट कार्लोस युलोचं येतं. ते खरंच आहे. पण हा अभिमान रोज जगला जातो तो या खोक्यात, असं आमचं ठाम मत आहे.

खोकं भरणं हे कसबाचं काम आहे. मोठ्या खोक्याचं माप साधारण 24 बाय 18 बाय 24 इंच. समुद्रमार्गे पाठवताना भाडं सहसा खोक्याच्या आकारावर ठरतं, वजनावर नाही. त्यामुळे एक बोटभर जागा रिकामी सोडत नाहीत. तळाला कॉर्न्ड बीफचे डबे, शॅम्पूच्या बाटल्या, मग कॉफी आणि चॉकलेटं. बाटल्यांची झाकणं चिकटपट्टीने बंद करून त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या. फटींत मोजे आणि टी-शर्ट कोंबायचे, बुटांच्या आत छोट्या वस्तू. सगळ्यात जास्त चुका होतात साबणाच्या बाबतीत. कंटेनरमधल्या उकाड्यात महिना-दोन महिने साबण आणि चॉकलेट शेजारी राहिले, तर चॉकलेटला साबणाची चव येते. म्हणून साबण वेगळ्या पिशवीत, घट्ट गाठ मारून, दुसऱ्या टोकाला. प्रत्येक वस्तूवर ज्याचं त्याचं नाव लिहितात. आजी, धाकटा भाऊ, शेजारची मावशी. या भेटीला पासालुबोंग म्हणतात, आणि त्यात कुणाला विसरलं तर ते लक्षात राहतं.

कायद्याची बाजूही नीट माहीत असावी. 2016 च्या सीमाशुल्क कायद्याने परदेशात राहणाऱ्या फिलिपिनोंना वर्षाला दीड लाख पेसोपर्यंतच्या घरगुती वस्तू करमुक्त पाठवता येतात, त्याही वर्षातून तीनदाच. विक्रीसाठी वाटेल इतका एकच माल भरला तर सवलत जाते. आत काय आहे त्याची यादी द्यावी लागते. रोख रक्कम खोक्यात कधीही टाकू नये. आधी ही सूट फक्त दहा हजार पेसोंची होती. 2015 च्या ऑगस्टमध्ये कस्टम्सने खोकी उघडून तपासायचं ठरवलं, तेव्हा जगभरातल्या कामगारांनी असा काही संताप व्यक्त केला, की राष्ट्राध्यक्षांना ती मनमानी तपासणी थांबवायला सांगावं लागलं. सहा महिने घास वाचवून भरलेलं खोकं अनोळखी हातांनी उचकटावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतंच.

खोकं अडकतं ते बहुधा एजंटमुळे. आखातातला एजंट बाजारभावापेक्षा फारच कमी पैसे घेतो, कंटेनर रवाना करतो आणि मनिलातल्या जोडीदाराला पुढचे पैसे देतच नाही. मग माल सोडवायला कुणी येत नाही आणि खोकी बंदरात महिनोन्‌महिने पडून राहतात. म्हणून भावावर भाळण्याआधी फिलिपिन्समध्ये माल कोण सोडवणार, त्याचं नाव आणि नोंदणी विचारून घ्यावी. पावती आणि खोक्याचा फोटो जपून ठेवावा.

या कामगारांना तिकडे 'बागोंग बायानी' म्हणतात, म्हणजे नवे वीर. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोरासोन अकिनो यांनी हा शब्द वापरला. 2024 मध्ये या वीरांनी 34 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली. पण वीर म्हटलं की कष्ट विसरले जातात, ही तिथल्याच लोकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मार्च 1995 मध्ये सिंगापूरमध्ये फ्लोर काँटेम्प्लासिओन या घरकाम करणाऱ्या बाईला फाशी झाली. ती निर्दोष आहे असं असंख्य फिलिपिनोंना वाटत होतं, देश रस्त्यावर आला. त्याच वर्षी 7 जूनला स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आज हाच दिवस स्थलांतरित कामगार दिन म्हणून पाळला जातो.

हिडिलिनचं पदकही परदेशातच घडलं. कोविडमध्ये ती मलेशियात अडकली, व्यायामशाळा बंद, तेव्हा बांबूला पाण्याचे कॅन बांधून तिने सराव केला. 26 जुलै 2021 ला टोकियोत 55 किलो गटात तिने शेवटचे 127 किलो उचलले, एकूण 224. देशाचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक.

ख्रिसमससाठी खोकं पाठवायचं तर ऑक्टोबर उजाडायच्या आत ते बोटीवर चढायला हवं. फिलिपिन्समध्ये नाताळचा मोसम सप्टेंबरपासूनच सुरू होतो, आणि शेवटी बंदरात गर्दी होते. मिंदानाओ किंवा विसायास या मनिलापासून दूरच्या बेटांवर जायचं असेल तर आणखी दोन-तीन आठवडे धरावेत. खोकं पोचलं की घरचे आधी व्हिडिओ कॉल लावतात, मग चिकटपट्टी कापतात. झाकण उघडताच सगळे वाकून आत वास घेतात. साबण, कॉफी, नवे कपडे यांचा तो एकत्र वास. त्याला नावही आहे, 'आमोय अब्रॉड'. परदेशाचा वास.