जुना प्रोसेसर नव्या ग्राफिक्स कार्डाला अडवतो का?

माझ्या संगणकात 2019 सालचा रायझन 5 3600 प्रोसेसर आणि 2023 सालचे आरटीएक्स 4060 हे कार्ड आहे. ही जोडी जमते का, असे मला अनेकदा विचारले जाते. दोन नावे टाकली की ‘इतके टक्के बॉटलनेक’ (म्हणजे एका भागामुळे दुसऱ्याची होणारी अडवणूक) असा आकडा फेकणारी संकेतस्थळेही आहेत. त्यांच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही, कारण कोणता गेम, किती रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) आणि सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) हव्यात हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नसते.

प्रत्येक फ्रेमसाठी पात्रांच्या हालचाली, टकरींचे गणित आणि काय काय रेखाटायचे याच्या सूचना प्रोसेसर तयार करतो, आणि मग कार्ड चित्र उभे करते. प्रोसेसरला एका फ्रेमसाठी 10 मिलिसेकंद लागत असतील, तर कार्ड कितीही दांडगे असले तरी सेकंदाला 100 च्या वर फ्रेम मिळणार नाहीत. रिझोल्यूशन वाढवले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे मात्र जवळजवळ तेवढेच राहते. त्यामुळे 1440पी (2560×1440 ठिपके) वर 60 फ्रेमांत समाधान मानणाऱ्याला जुना प्रोसेसर सहसा पुरतो. काउंटर-स्ट्राइक 2 या गेममध्ये 1080पी (1920×1080 ठिपके) वर सतत 144 फ्रेम हव्या असणाऱ्याच्या प्रोसेसरला मात्र प्रत्येक फ्रेम सात मिलिसेकंदांच्या आत उरकावी लागते. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करणारे तंत्र) सुरू करूनही फ्रेम वाढत नाहीत, ही तक्रार इथलीच: त्याने हलका होतो तो कार्डाचा भार. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणे, तर दोघांनाही कामाला लावते.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 40 टक्केच वापरात दिसतो म्हणून त्याला निर्दोष ठरवू नये. 3600 मध्ये 12 थ्रेड आहेत, म्हणजे तो एकाच वेळी 12 कामे हाताळू शकतो. त्यांतला एकच पूर्ण भरला, तर एकूण आकड्यात तो जेमतेम 8 टक्के दिसतो, आणि गेम बहुधा त्या एकावरच अडून बसतो. त्यापेक्षा कार्डाचा वापर पाहावा. फ्रेमला मर्यादा घातलेली नसताना तो 95 टक्क्यांच्या पुढे असेल, तर अडसर कार्डाचाच आहे. तो बराच खाली असेल, तर रिझोल्यूशन उतरवून पाहावे. तरीही फ्रेम हलल्या नाहीत, तर प्रोसेसर अपुरा पडतो आहे. सायबरपंक 2077 या गेममध्ये गर्दीचे प्रमाण कमी करताच फ्रेम वाढल्या, तरी निदान तेच.

कार्डाचा ड्रायव्हरही (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरचा वेळ खातो. इंटेलचे आर्क बी580 हे ग्राफिक्स कार्ड रायझन 5 2600 सारख्या जुन्या प्रोसेसरवर अपेक्षेपेक्षा बरेच मागे पडत होते, हे 2025 च्या सुरुवातीला चाचण्यांतून पुढे आले होते.

प्रोसेसर बदलायचाच असेल, तर बायोस (मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यास 3600 चालणाऱ्या बहुतेक बी450 मदरबोर्डांवर 96 एमबी एल3 कॅशचा (प्रोसेसरमधील वेगवान स्मृतीचा) रायझन 7 5800एक्स3डी बसतो. 3600 मध्ये ही कॅश 32 एमबी, तीही दोन भागांत विभागलेली. माझा मॉनिटर 75 हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला 75 चित्रेच दाखवणारा, असल्याने मी मात्र तूर्त तो खर्च केलेला नाही.