उतारावर गाडी न्यूट्रल करता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) घेतल्यापासून ‘ॲव्हरेज किती देते?’च्या पाठोपाठ हा प्रश्न ठरलेला: ‘पन्हाळ्यावरनं उतरताना न्यूट्रल करून सोडता काय?’

नाही. गाडी ‘डी’मध्येच, म्हणजे नेहमीच्या पुढं जायच्या गिअरमध्येच असते. न्यूट्रलची सवय कार्बोरेटरच्या जमान्यातली. हल्लीच्या साध्या पेट्रोल गाडीतसुद्धा गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. माझ्या टोयोटा हायरायडर हायब्रीडमध्ये तर न्यूट्रल म्हणजे दुहेरी तोटा. बॅटरी चार्ज होत नाही आणि घाटात सगळा भार ब्रेकवर येतो.

वाचतं ते उजव्या पायामुळं. व्हीनस कॉर्नरकडून दसरा चौकाकडं येताय आणि लांबूनच लाल दिवा दिसला. बहुतेक जण पाय पूर्ण सोडतात, स्क्रीनवर चाकांकडून बॅटरीकडं जाणारा बाण दिसतो आणि फुकट चार्जिंग झालं म्हणून खूश होतात. फुकट काही नसतं. गतीची वीज करताना थोडी ऊर्जा जाते, त्या विजेची पुन्हा गती करताना आणखी थोडी जाते. त्यामुळं अंतर असेल तर मी ॲक्सिलरेटरवर अंगठ्यापुरता दाब ठेवतो, बाण नाहीसे होईपर्यंत. बॅटरीत काही जात नाही, बॅटरीतून काही येत नाही, इंजिन बंद. गाडी नुसती घरंगळते. सिग्नल जवळ आला की मग पाय उचलायचा आणि ब्रेक हलका, लवकर लावायचा, म्हणजे मोटरच गाडी आवळते. करकचून दाबलात तर पॅड तापतात, बाकी हाती काही नाही. ६० च्या वेगातली ऊर्जा ३० च्या चौपट असते, तेव्हा ती कशात घालवायची ते आधी ठरवा.

रिकाम्या रस्त्यावर याचीच पुढची पायरी: इंजिनाला जरा जोर देऊन ५० पर्यंत न्यायचं, मग सोडून ४० पर्यंत घरंगळू द्यायचं, पुन्हा तेच. अगदी हलक्या ओझ्यावर इंजिन पेट्रोलचा नीट मोबदला देत नाही, म्हणून हे जमतं. पण मागं केएमटीची (कोल्हापूरची शहर बस) गाडी असेल तर हे चाळे नकोत, शिव्या बसतात, आणि त्या रास्त असतात. कागलच्या बाजूला हायवेवर तर हवेचाच विरोध इतका की एकसारखा, बेताचा वेग बरा. उसाच्या हंगामात पुढं जोडट्रॉली दिसली की मात्र लांबूनच पाय ढिला करायचा.

राहिला पन्हाळा. माणसं धरून १,४०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली, तर वीजबिलातल्या हिशेबानं साधारण ०.३८ युनिट ऊर्जा सुटते. माझी बॅटरी ०.७६ युनिटची, आणि गाडी ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाही. म्हणजे पायथा यायच्या आधीच तिचं पोट भरतं. म्हणून लांब उतारावर मी लिव्हर ‘बी’वर, म्हणजे इंजिनानं गाडी रोखायच्या गिअरवर घेतो. मग इंजिन घरघरायला लागतं आणि शेजारी बसलेले दचकतात, ‘अहो, पेट्रोल जळतंय!’ जळत नाही. इंजिन नुसतं फिरतंय आणि गाडी धरून ठेवतंय.