पुण्यात फ्लॅट भाड्याने घेताना : डिपॉझिट देण्याआधी मी काय काय तपासलं

कोथरूड-कर्वेनगर भागात वन बीएचके हवा होता आणि शोधाची सुरुवात गावाहून, फोनवरूनच करायची होती. प्रवेशाच्या हंगामात अशी हजारो मुलं-मुली घाईत असतात आणि फसवणाऱ्यांना ते नेमकं ठाऊक असतं. म्हणून आधीच ठरवलं : मी किंवा माझ्या ओळखीचं कुणी फ्लॅटच्या आत जाऊन आल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. मग त्याला टोकन म्हणोत, व्हिजिट चार्ज म्हणोत की गेटपास.

गेटपासचा प्रकार नीट समजून घ्या. भाडं आजूबाजूच्या दरापेक्षा बरंच कमी असतं. फोनवरचा माणूस लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये असल्याचं सांगतो, बदली झाल्यामुळे फ्लॅट रिकामा आहे म्हणतो आणि न मागताच ओळखपत्राचा फोटो पाठवतो. तो बनावट किंवा दुसऱ्या कुणाचा तरी असतो. मग म्हणतो, सोसायटीत शिरायला पास काढावा लागतो, पैसे भरा, फ्लॅट बघून झाला की परत मिळतील. भरले की रक्कम ‘अडकते’ आणि ती सोडवायला पुन्हा तेवढीच मागतो. नाहीतर ‘परतावा’ देण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो आणि पिन टाकायला लावतो. यूपीआयवर पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

अशा फोनवर मी एवढंच विचारायचे : किल्ली कुणाकडे आहे? आज संध्याकाळी माझी मैत्रीण बघून जाईल. मालक खरोखर परगावी असला, तरी किल्ली शेजारी, भाऊ, एजंट अशा कुणाकडे तरी असतेच. फोटो गूगल लेन्समध्येही टाकून बघायचे; तोच हॉल दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत निघाला, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

फ्लॅट बघितला, किल्लीने दार उघडलं, म्हणजे झालं असं मात्र नाही. दुसरी फसवणूक इथूनच सुरू होते आणि माझ्या मते तीच जास्त महागात पडते. स्वतः भाडेकरू असलेला माणूस मालक बनून तोच फ्लॅट चार जणांना दाखवतो, चौघांकडून डिपॉझिट घेतो आणि नाहीसा होतो. यावर इलाज म्हणजे नावं जुळवणं. मी लाइट बिल मागितलं. बिलाचा फोटो सहज बदलता येतो, म्हणून त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक पेमेंट अॅपमध्ये टाकला; पैसे न भरताही ग्राहकाचं नाव दिसतं. मग सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), याची प्रत मागितली. तिच्यावर दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय असतं, ते नोंदणी विभागाच्या साइटवर टाकून दस्त पडताळता येतो. कधीकधी लाइट बिल बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर राहिलेलं असतं. तेवढ्यावरून घाबरू नका, अशा वेळी इंडेक्स टू प्रमाण. आधारवरचं नाव, इंडेक्स टूवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच असायला हवं. पैसे ‘मेहुण्याच्या खात्यात टाका’ म्हणाले, तर नाही म्हणायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही मी भेटले. फ्लॅट कुणाचा आणि आधी कोण राहत होतं, हे त्यांच्याकडून पाच मिनिटांत कळतं.

मग ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायला दिल्याचा भाडेकरार. नोटरी केलेला कागद चालेल म्हणणारे खूप भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन आधारवर अंगठे घेतो. खर्चही फार नाही. भाडं १२,००० आणि डिपॉझिट ३६,००० असेल, तर ११ महिन्यांचं भाडं १,३२,००० आणि डिपॉझिटवर १० टक्के दराने धरलेलं व्याज ३,३००. या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे साधारण ३४० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणी फी १,०००. एजंटचा मोबदला वेगळा, तो आधी ठरवून घ्या. आधारवर अंगठा द्यायला तोतया मालक सहसा टाळाटाळ करतो, त्यामुळे ही पायरी आपोआपच चाळणीचं काम करते. टोकन आधी द्यावंच लागलं, तर ते लहान ठेवा आणि मालकाच्याच खात्यात भरा. उरलेलं डिपॉझिट अंगठे झाल्यावर, किल्ली घेताना.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पेठांमधल्या कॉट बेसिसला, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेताना, यातलं बरंचसं लागू होत नाही, तिथे करार क्वचितच होतो. तिथे आधी राहणाऱ्या मुलींशी बोला, एका महिन्याहून जास्त डिपॉझिट देऊ नका आणि सहीची पावती घ्या. पावतीवर कॉट, तारीख आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे लिहून घ्या.