दांडिया बाजार ते मकरपुरा: एका नेटवर्कचे दोन भाग

वडोदऱ्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे कार्यालय वर्षानुवर्षे दांडिया बाजारात एकाच मजल्यावर होते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) नवी शेड उभी राहिल्यावर डिझाइन आणि स्टोअर्स हे विभाग तिकडे हलवायचे आणि हिशेब व सर्व्हर जुन्या जागी ठेवायचे असे ठरले. नेटवर्क माझ्याकडे होते.

मालकांची अपेक्षा एकच होती. "तिकडे बसलेल्याला आपण इथेच बसलोय असं वाटलं पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा." केबलिंगच्या ठेकेदाराने लगेच सुचवले की दोन्ही जागा ब्रिज करून (थेट जोडून) एकच नेटवर्क ताणावे, म्हणजे कोणाचाही आयपी (संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता) बदलावा लागणार नाही. मी विरोध केला. तसे केल्यास एका जागेतला प्रत्येक ब्रॉडकास्ट (सगळ्या संगणकांना उद्देशून पाठवलेला संदेश) लिंकवरून दुसऱ्या जागेत जातो. लिंक तुटली की पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर नसलेल्या बाजूला नव्याने सुरू केलेल्या संगणकाला पत्ता मिळत नाही. आणि मकरपुऱ्यात कोणी एकाच वायरची दोन्ही टोके स्विचमध्ये खोचली, तर संदेश गोल फिरत राहणाऱ्या त्या लूपने दांडिया बाजारातले बिलिंगही बंद पडू शकते. बिलिंगचे नाव निघताच मालकांना मुद्दा पटला.

जुन्या जागेचा १९२.१६८.१ हा पट्टा तसाच ठेवला, कारण प्रिंटर आणि हजेरीच्या यंत्राला त्यातलेच पत्ते कायमचे दिलेले होते. नव्या जागेला १९२.१६८.२ दिला, तिचे डीएचसीपी तिथल्याच राउटरवर सुरू केले, दोन्हीकडे स्टॅटिक (न बदलणारे) आयपी घेतले आणि राउटरांमध्ये आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध मार्ग) उभा केला. रविवारी पिंग (पलीकडून उत्तर येते का ते पाहणारा चाचणी-संदेश) व्यवस्थित जात होते, सर्व्हरवरचे फोल्डर दिसत होते, छोटी पत्रेही उघडत होती.

सोमवारी सकाळी डिझाइनमधल्या ताईंचा फोन आला की एकही ड्रॉइंग उघडत नाही. मी मकरपुऱ्याला पोहोचलो तेव्हा कॉपीची हिरवी पट्टी किंचित पुढे सरकून तिथेच थांबलेली होती आणि काही वेळाने सर्व्हर सापडत नसल्याचा संदेश येत होता. लाइनचा वेग उत्तम होता, पिंग तेव्हाही चालू होते. ठेकेदाराला "मी सांगत होतो" म्हणायची संधी मिळाली, आणि त्याने ती सोडली नाही.

लहान फाइल जाते आणि मोठी अडकते, तेव्हा पॅकेटचा, म्हणजे डेटा ज्या गठ्ठ्यांत जातो त्यांचा, आकार तपासावा. विंडोजवर तुकडे न करण्याची अट घालून पिंग पाठवता येते. १४७२ बाइटचे पिंग, म्हणजे हेडरचे (पत्ता वगैरे माहितीचे) २८ धरून नेहमीच्या मर्यादेइतके १५००, पलीकडे पोहोचतच नव्हते. आकार कमी करत आणला तेव्हा १३९२ ला (हेडरसह १४२०) उत्तर आले. कारण उघड होते: दांडिया बाजारातले कनेक्शन पीपीपीओईचे (प्रत्येक पॅकेटला जादा हेडर लावणाऱ्या पद्धतीचे) असल्याने १५०० मधून ८ बाइट आधीच गेलेले, आणि उरलेल्या १४९२ मध्ये आयपीसेकची वेष्टणे बसवायची. वास्तविक अशा वेळी राउटर "पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठव" असा आयसीएमपी (पिंगच्याच जातीचा, अडचण कळवणारा) संदेश उलट पाठवतो आणि सर्व्हर निमूटपणे आकार कमी करतो. पण जुन्या कार्यालयाच्या फायरवॉलवर कोणीतरी कधीकाळी सुरक्षेच्या नावाखाली पिंग वगळता सगळे आयसीएमपी बंद करून ठेवले होते. असली सुरक्षा मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. तिने चोर अडत नाही, घरचा निरोप्या मात्र अडतो. ब्रिज केला असता तरी तोही याच इंटरनेटवरून गेला असता आणि हीच अडचण आली असती, हे ठेकेदाराला मी तिथेच सांगितले.

तो आयसीएमपी संदेश मोकळा केला, टनेलचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) थोडी जागा राखून १४०० ठरवला आणि दोन्ही राउटरांवर टीसीपीचा एमएसएस (हेडर वगळून पॅकेटमध्ये मावणारा डेटा) १३६० केला. ताईंनी पुन्हा क्लिक केले आणि ड्रॉइंग उघडले.

दुपारी स्टोअर्सचे काका म्हणाले, "अहो, हिशेबाच्या पीसीवरचं आमचं शेअर्ड फोल्डर गायब झालंय." ते गायब झाले नव्हते. त्या पीसीच्या विंडोज फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगची परवानगी फक्त स्वतःच्या सबनेटपुरती (पत्त्यांच्या पट्ट्यापुरती) होती, आणि काका आता दुसऱ्या सबनेटमध्ये बसत होते. नियमात १९२.१६८.२ ची भर घातली. हिशेबाचे पॅकेज मात्र लिंकवरून उघडायला मी साफ नकार दिला, कारण ते बारीकसारीक गोष्टीसाठीही सतत डेटाफाइल वाचत राहते. मकरपुऱ्याहून ज्यांना ते लागते ते आजही रिमोट डेस्कटॉपने (दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे उघडून) दांडिया बाजारातल्या सर्व्हरवरच काम करतात.